रोजच्या डाउनलोड्सचा आलेख: नुसते आकडे, सरासरी की एकूण बेरीज?

पॅकेजचे, म्हणजे इतरांना वापरता यावा म्हणून प्रसिद्ध केलेल्या तयार कोडच्या संचाचे, रोजचे डाउनलोड्स आलेखावर मांडायचे तर प्रश्न पडतो तो रेघ कशाची काढायची, हा.

एकूण बेरजेचा पर्याय मी आधीच बाद करतो. ती रेघ खाली येऊच शकत नाही. वापर निम्म्यावर आला तरी ती चढतच राहते, फक्त चढ मंदावतो, आणि ते सहसा नजरेत भरत नाही.

रोजचा आकडा जसाच्या तसा मांडला तर आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो: शनिवार-रविवार घसरण, सोमवारी पुन्हा वर. तरीही नवी आवृत्ती आल्याच्या दिवशी काय झालं, किंवा एखाद्या स्वयंचलित चाचणीने दिवसभर तेच पॅकेज पुन्हा पुन्हा ओढलं का, हे इथेच कळतं.

कल पाहायचा असेल तर सात दिवसांची सरकती सरासरी, म्हणजे दर दिवशी लगतच्या सात दिवसांची सरासरी. पाच नको, दहाही नको. सात दिवसांत शनिवार-रविवार प्रत्येकी एकदाच येतात, म्हणून आठवड्याची लय पुसली जाते. मात्र ही सरासरी कुठल्या दिवसावर टेकवली आहे, ते नक्की तपासा. आर या प्रोग्रामिंग भाषेतल्या झू पॅकेजचं रोलमीन हे फंक्शन ती मधल्या दिवसावर ठेवतं, पायथन भाषेतलं पांडाज हे पॅकेज शेवटच्या दिवसावर. बुधवारी आवृत्ती आली आणि आकडे उसळले, तर झूच्या आलेखात चढ आधीच्या रविवारपासूनच दिसतो, जणू लोकांना आधीच सुगावा लागला होता! आवृत्तीचा परिणाम दाखवायचा असेल तर पांडाजची पद्धत घ्या. झूमध्येही तसं सांगता येतं.

माझी पसंती दोन्ही एकत्र: रोजचे आकडे फिकट ठिपक्यांत, त्यावर सरासरीची ठळक रेघ. दिवसाला पाच-दहाच डाउनलोड्स असतील तर मात्र सरळ आठवड्याच्या बेरजेचे स्तंभ काढा.

आकडे कुठून घेता यावरही निवड ठरते. आरच्या पॅकेजेसचे डाउनलोड्स सांगणाऱ्या क्रॅनलॉग्जकडे ऑक्टोबर 2012 पासूनची नोंद आहे, पण एकाच मिररची (पॅकेजेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरची). म्हणून तो आकडा एकूण वापर म्हणून सांगू नका. पायथनच्या पॅकेजेसचे आकडे देणाऱ्या पायपीआय-स्टॅट्सवर फक्त 180 दिवस मिळतात. वर्षभराचा कल हवा असेल तर गूगलच्या बिगक्वेरी या डेटा-सेवेवरचा सार्वजनिक डेटासेट गाठावा लागतो. आणि क्रॅनलॉग्जमध्ये शेवटच्या दिवसाचा लॉग आलेला नसेल तर तिथे शून्य येतं. ते काढून टाकल्याशिवाय सरासरी काढू नका, नाहीतर रेघ टोकाला विनाकारण कोसळते.