जुन्या घराच्या तुळया की वखारीतलं नवीन सागवान? लाकडी फ्लोरिंगचा विचार करणाऱ्यांसाठी

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात जुनी मातीची घरं एकामागून एक उतरायला लागलेत, 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात कितीतरी भिंती बसल्या आणि आता त्या जागी स्लॅबची घरं होतायत. घर पाडणारा माणूस पहिल्याच दिवशी म्हणतो, लाकूड मी नेतो, पाडायचा खर्च त्यात वळता करतो. हो म्हणायच्या आधी एक दिवस टेप घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक तुळई, खांब, चौकट घनफुटात मोजून कागदावर लिहा, कारण तुमच्याकडे काय आहे तेच माहीत नसेल तर जुनं की नवीन हा प्रश्नच नीट पडत नाही.

आधी लाकडाबद्दल. जुनी सागवानी तुळई म्हणजे मोठ्या झाडाचा गाभा. झाड जितकं वाढलेलं तितका गाभा जास्त आणि कडेचा पांढरा भाग कमी, आणि भुंगा लागतो तो मुख्यतः त्या पांढऱ्या भागालाच. लागवडीचं सागवान लवकर तोडतात, म्हणून वखारीतल्या फळीत पांढरा पट्टा बरेचदा दिसतो, इम्पोर्टेड म्हणून मिळतं त्यातही असतो, घेताना दोन्ही बाजू उलटून बघा. पण जुनं आहे म्हणजे सागवानच असं धरून चालू नका हं. आपल्याकडे मत्ती म्हणजे ऐन, किंजळ, जांभूळ, फणस सगळं वापरलेलं असतं. कोपऱ्यात थोडा रंधा मारा, सागवान असेल तर तेलकट लागतं, सोनेरी-तपकिरी दिसतं आणि तो ओळखीचा वास येतोच. मत्ती जड असते आणि तडकते, तिचं फ्लोरिंग मी तरी करणार नाही. फणसाचं फर्निचर फार देखणं होतं.

आता हिशोब, इथंच बहुतेक जण फसतात. 6 बाय 6 इंचाची 10 फुटी तुळई म्हणजे अडीच घनफूट. पाऊण इंच जाडीने भागलं तर कागदावर 40 चौरस फूट निघतात, पण करवत प्रत्येक कापाला 2-3 मिलिमीटर खाते, रंधा मशीन दोन्ही बाजूंनी खातं, म्हणून पाचच फळ्या मिळतात, त्यात जोडाची खाच काढून रुंदी 5 इंच उरते. झाले 20 चौरस फूट. भोकं, चिरा, कुजलेली टोकं टाकली की 15 धरा. म्हणजे 10 बाय 12 च्या एका खोलीला अशा 8 तुळया लागतात, आणि साध्या घरात एवढ्या चांगल्या तुळया निघणं अवघडच. वासे बारीक असतात, त्यांचं फ्लोरिंग होत नाही, त्यांची शेल्फं, फ्रेमा करा. नवीन सागवानात ही भानगड नाही, माप सांगितलं की सारख्या फळ्या येतात आणि मेस्त्री खूश, पैसे मात्र सगळे रोख जातात.

जुन्या लाकडाचा खरा खर्च मजुरीत आहे. काकांच्या घराच्या तुळयांचे खिळे मी स्वतः चार दिवस बसून उपसले, तरी एक मोडका तुकडा आत राहिला आणि सॉ मिलमध्ये ब्लेडचे दात गेले, त्याचे पैसे मी भरले, कारण खिळे नाहीत हे मीच सांगितलेलं. पुढच्या खेपेला हातातलं मेटल डिटेक्टर भाड्याने आणून चारही बाजूंनी फिरवलं. तुम्ही पहिल्याच वेळी तेवढं करा. आणि रंग दिलेली दारं, चौकटी असतील तर कोरडं सँडिंग करू नका, 2017 मध्ये नियम कडक व्हायच्या आधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, घरात पोरं असली तर ती धूळ वाईट.

कागदाचं पण बघायला पाहिजे. जुन्या घराचं आहे म्हणून कोण विचारणार असं समजू नका, सागवान आणि शिसव गाडीत घालायच्या आधी फॉरेस्टच्या रेंज ऑफिसात विचारून घ्या, पाडायच्या आधीचे घराचे फोटो आणि उतारा जवळ ठेवा. चंदगडकडे, म्हणजे महाराष्ट्राची बॉर्डर ओलांडून न्यायचं असेल तर जास्तच. नवीन घेताना पक्कं बिल मागितलं की बहुतेक काम झालं.

पाऊस दोघांनाही सारखाच छळतो. जांबोटी-कणकुंबीकडे खालच्या मजल्यावर लाकडी फ्लोरिंग नकोच, जमिनीतून ओल वर येते, कितीही जुनं सागवान असलं तरी फुगतं. माडीवरच्या खोलीत करा. जुनी तुळई वरून खडखडीत वाळलेली दिसते पण चिरल्यावर आतला ताण सुटून फळी वाकते, म्हणून चिरल्या चिरल्या बसवायची घाई नको, त्याच खोलीत मधे रिपा घालून थप्पी लावा, तीन आठवडे राहू द्या, ओल मोजायच्या मीटरवर 12 टक्क्यांच्या खाली आली की मग बसवा. भिंतीकडेने बोटभर फट सोडा, स्कर्टिंगखाली झाकते. नवीन फळीलाही हेच, ती तर जास्त ओली निघते.

लॅमिनेटचं, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या तयार पाट्यांचं विचाराल तर भाड्याच्या घराला ठीक. पाणी मुरलं की कडा फुगतात आणि झिजल्यावर रंधा मारून परत नवं करता येत नाही.

माझं मत सांगायचं तर, स्वतःच्या घराच्या 8-10 जाड सागवानी तुळया असतील आणि हाताशी चार महिने असतील तर जुनंच चिरा, निदान एका खोलीसाठी. बाहेरून तुळया विकत घेऊन फ्लोरिंग करणार असाल तर मजुरी आणि वाया जाणारा माल धरून नवीनच बरं पडतं. अर्धवट लाकूड असेल तर दोन्ही मिसळू नका, रंग वेगळा दिसत राहतो, जुन्याचं टेबल नाहीतर झोपाळा करा.

जवसाचं तेल लावणार असाल तर पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवा नाहीतर बाहेर एकेक पसरून वाळवा. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारायचं असेल तर सागवान तेलकट असतं, आधी थिनरने पुसून घ्या, नाहीतर थर धरत नाही.