पुण्यातली रविवारची ग्रुप राइड: ए, बी की सी? चार राइड्सनंतरचा माझा अनुभव

कोथरूड-बावधन भागातल्या एका सायकलिंग ग्रुपबरोबर गेल्या दोन महिन्यांत चार राइड्स केल्या. ग्रुपचं नाव लिहीत नाहीये कारण एक तक्रार पण आहे आणि ती मी त्यांना प्रत्यक्ष सांगितली आहे. पण जे कुणी पहिल्यांदा ग्रुप राइडला जाणारेत त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं, कारण लेव्हल चुकली की अख्खी सकाळ वाया जाते आणि काही जण तर परत येतच नाहीत.

नाव नोंदवताना तीन पर्याय येतात. ए म्हणजे ताशी 28 किलोमीटरच्या वर, बी म्हणजे 23 ते 27 आणि सी म्हणजे 18 ते 22. बस, एवढंच. मी एकटी खडकवासल्याला जाऊन येते तेव्हा स्ट्राव्हावर (राइड मोजणारं ॲप) 23-24 चा ॲव्हरेज दिसतो, हायब्रीड सायकल आहे, म्हटलं बी आपलंच, आणि टाकलं नाव.

आता यात दोन गोष्टी मला कुणी सांगितल्याच नव्हत्या. एक म्हणजे माझा तो 23 हा फक्त चाक फिरत असतानाचा ॲव्हरेज, सिग्नलला थांबले, पाणी प्यायले, फोटो काढला ते सगळं त्यात धरलेलंच नाही. दुसरं, तो रस्ता बऱ्यापैकी सपाट. आणि आमची राइड होती चांदणी चौकातून पौडच्या पुढे जाऊन परत, म्हणजे येताना पिरंगुटचा घाट चढायचा.

घाट ॲव्हरेजचं काय करतो ते साध्या गणितात बघा. 10 किलोमीटर सपाट 30 च्या स्पीडने मारलं तर 20 मिनिटं लागली. पुढचा 5 किलोमीटरचा चढ 10 ने चढलात तर 30 मिनिटं. एकूण 15 किलोमीटरला 50 मिनिटं, म्हणजे ॲव्हरेज 18! म्हणून बी ग्रुपला 25 राखायचा असेल तर ते सपाटीवर 30-32 ने पळवतात, आणि हा आकडा त्या नोंदणीच्या पानावर कुठेच नसतो.

पहिला अर्धा तास भारी वाटलं, खोटं नाही सांगत. पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून चालवलं की वारा तो खातो आणि आपल्याला पाव हिस्सा तरी कष्ट कमी पडतात. पण हेच चाक एकदा सुटलं की संपलं. वाऱ्याचं असं आहे की 20 वरून 25 वर जायला नुसता वारा कापायलाच जवळजवळ दुप्पट ताकद लागते. येताना घाटाच्या पायथ्याशी माझ्या आणि पुढच्या चाकाच्या मध्ये आधी एका सायकलची जागा पडली, मग दोन, मग चार, आणि बघता बघता त्यांचे लाल ब्लिंकर वळणाआड गेले. मागे वळून बघितलं तर कुणीच नाही. बी ला स्वीपर, म्हणजे सगळ्यात मागून मागे पडलेल्यांच्या सोबत येणारा माणूस, नसतो हे मला तिथे कळलं. रस्त्याच्या कडेला थांबून चिक्कीचं पाकीट फोडायला गेले तर बोटं इतकी थरथरत होती की शेवटी दाताने फाडावं लागलं. पाणी संपलेलं, शेजारून डंपर जातायत आणि ग्रुपमधल्या एकाचाही फोन नंबर माझ्याकडे नाही.

माझी तक्रार हीच आहे. ग्रुप पुढे गेला याचं काही नाही, बी चा पेस तोच आहे, त्यांनी माझ्यासाठी का थांबावं. पण थांबणार नाही हे आधी स्पष्ट लिहा ना.

पुढच्या तिन्ही राइड्स सी मध्ये केल्या आणि इथे मात्र तोंड भरून कौतुक करायचंय. सी चा नियम ठरलेला, कुणालाही मागे सोडायचं नाही. प्रत्येक घाटमाथ्यावर सगळे जमेपर्यंत थांबतात, आणि शेवटचा माणूस आला की लगेच निघत नाहीत, त्याला पण पाच मिनिटं श्वास घेऊ देतात. ही गोष्ट फार कमी ठिकाणी पाहिलीये. स्वीपर काका साठीच्या पुढचे असतील, बोपदेव घाटात माझ्या बाजूने चालवत होते, म्हणाले, "ताई, घाई नाहीये, गियर अजून एक हलका करा आणि माझ्याशी बोलत चला." मी काय काय बोलले आठवत नाही, पण वर पोचले तेव्हा पाय शाबूत होते.

त्यांनी सांगितलेलं बोलण्याचं माप मला आकड्यापेक्षा जास्त पटलं. दुसऱ्या तासात पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघायचं. दोन-तीन शब्दांनंतर दम लागत असेल तर त्या दिवशी तो पेस आपला नाही, मग स्ट्राव्हा काहीही म्हणो. पहिल्या तासाचं धरू नका, तेव्हा सगळेच जोरात असतात.

सी म्हणजे नवशिक्यांचा ग्रुप असं समजून लाजणारे बरेच भेटले मला. त्यांच्यासाठी सांगते, 200 किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून ॲव्हरेज पडतो 15 च्या आसपास. आमच्या सी मध्ये 300 ची बीआरएम केलेल्या दोघी आहेत आणि दोघींना पेस वाढवायची अजिबात घाई नाही.

नाव टाकायच्या आधी ग्रुपला फोन करून एवढं विचाराच: ॲव्हरेज थांबे धरून की सोडून, सपाटीवर किती ठेवता, मागे स्वीपर आहे का, आणि कुणी सुटलं तर कुठे थांबता. रोडबाईकवाल्यांच्यात हायब्रीड घेऊन जाणार असाल तर एक लेव्हल खालचीच घ्या, जाड टायर आणि सरळ हँडल दोन्ही नडतात.

बाकी व्यवस्था चांगली आहे. पावणेसहाला म्हणजे पावणेसहाला निघतात, हेल्मेट नसेल तर सरळ परत पाठवतात (हे मला फार आवडलं), पंक्चर किट कॅप्टनकडे असतं, शेवटी पोहे आणि चहा. सी साठी पाचपैकी पाच, बी साठी तीन. मी सांगितल्यावर त्यांनी बी च्या नोंदणीत "स्वीपर नाही, मागे थांबणार नाही" ही ओळ टाकलीये आणि कॅप्टनचा नंबर पण दिलाय. सपाटीचा स्पीड अजून टाकला नाहीये, तो पण टाकावा. पुढच्या रविवारी पानशेत आहे, सी मध्ये जागा आहेत.