पावसाळी तापाचं पॅकेज: काच बघतात हे उत्तम, पण विडाल कशाला?

पाऊस सुरू झाला की मुंबईतल्या लॅब तापाची पॅकेजं काढतात. दादर पश्चिमेच्या एका लॅबच्या पॅकेजात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (दाह झाला की वाढणारं प्रथिन), मलेरिया, डेंगीचं एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) आणि टायफॉइडसाठीची विडाल येतं. रक्त घरी येऊन नेतात.

रक्त घेणारी मुलं तयार आहेत. जांभळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरून लगेच ८-१० वेळा हलकेच उलटसुलट करतात. यात हयगय झाली की बारीक गुठळी होते, प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात आणि डेंगीच्या दिवसांत घरभर घबराट उडते.

खरी जमेची बाजू म्हणजे यंत्राने पांढऱ्या पेशींत काही वेगळं दाखवलं, तर पॅथॉलॉजिस्ट स्वतः रक्ताचा थेंब पसरलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शरीरात जिवाणू शिरले की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, त्यांच्या आवरणावरून त्यांना ओळखतात; टायफॉइडच्या जिवाणूसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जिवाणूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड मॅक्रोफेजवरचा टीएलआर-४ हा रिसेप्टर हेरतो. मग सायटोकाइन या निरोप्या प्रथिनांचे निरोप सुटतात आणि अस्थिमज्जा अर्धवट पिकलेले न्यूट्रोफिलही (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्तात ढकलते. हे बँड सेल आणि न्यूट्रोफिलमधले गडद टॉक्सिक कण ओळखायला अनुभवी डोळाच लागतो.

सीआरपीबाबत मात्र लॅब कमी पडते. ताप कधी चढला हे कुणी विचारत नाही, रिपोर्टवरही त्याला जागा नाही. सीआरपी यकृतात बनतो, तोही आयएल-६ या सायटोकाइनचा निरोप पोचल्यावर. वाढ दिसायला ६ ते ८ तास जातात, शिखर साधारण ४८ तासांनी येतं. सकाळी ताप आणि दुपारी रक्त, असं झालं तर नॉर्मल आकड्यावर विसंबू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. उलट मलेरियातही तो चढतो, म्हणून नुसत्या वाढलेल्या सीआरपीवर अँटिबायोटिक सुरू करणं चूक.

विडाल पॅकेजातून काढूनच टाकावी. ती अँटिबॉडी शोधते, आणि तापाच्या पहिल्या काही दिवसांत त्या पुरेशा तयारच झालेल्या नसतात. नुसत्या सीबीसीवरही विसंबता येत नाही, कारण टायफॉइडमध्ये पांढऱ्या पेशी वाढतातच असं नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून ब्लड कल्चर (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघण्याची तपासणी) करा. ही लॅब तेही घरून घेते, पण बुकिंगच्या वेळी वेगळं सांगावं लागतं. अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी, मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि रक्त हवं. सुई टोचण्याआधी कातडीवरचं जंतुनाशक पूर्ण वाळू द्यायला सांगा. नाहीतर कातडीवरचेच जंतू बाटलीत वाढतात.