साठ हजारांचा गेमिंग पीसी: जळगावच्या उन्हाळ्यासकट नऊ महिने वापरल्यानंतर

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये, पीसी बनवला आणि आता नऊ महिने रोज वापरून लिहितोय. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं एफपीएसबद्दल (गेममध्ये सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याबद्दल) लिहिलं असतं, कारण नवीन नवीन तेवढंच दिसतं. आपण काय बरोबर घेतलं आणि काय चुकलं ते मला एप्रिल-मे मध्ये कळलं, जेव्हा बाहेर ४४ डिग्री होतं आणि खोलीत कूलर लावूनही रात्री नऊला ३५-३६ असायचं.

बजेट मॉनिटर धरून ६० हजार होतं, गेलं ६३,७०० वर. रायझन ५ ५६०० प्रोसेसर ११,२०० ला, बी५५० चिपसेटचा चार रॅम स्लॉटवाला मदरबोर्ड ८,४००, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड २०,८००, डीडीआर४ ३२०० रॅम ८-८ जीबीची जोडी ३,५००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी ३,०००, ५५० वॉटचा ब्रॉन्झ रेटिंगचा (वीज कमी वाया घालवणारा) एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, ४,१००, समोर काच असलेलं कॅबिनेट ३,१००, आणि २४ इंची १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ चित्रं दाखवू शकणारा) आयपीएस मॉनिटर ९,६००. कीबोर्ड-माउस जुनेच ठेवले. हे तेव्हाचे भाव आहेत, आता घेताना परत विचारूनच घ्या.

खरेदी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर केली. रात्रीच्या गाडीने गेलो, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, आणि दुकानं उघडायच्या आधीच तिथे हजर. दिवसभरात सात-आठ दुकानं फिरलो आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी ऐकल्या. पहिली म्हणजे आरटीएक्स ३०५० (एनव्हिडियाचं कार्ड) घ्या, आरएक्स (एएमडीचं) कशाला घेता. त्या दिवशी दोन्ही कार्डं जवळपास एकाच भावात होती आणि १०८० पी वर साध्या गेमिंगमध्ये ३०५० हे ६६०० च्या स्पष्टपणे मागे आहे, फक्त नावात आरटीएक्स आहे म्हणून लोक घेतात. रे ट्रेसिंगमध्ये (गेममधला प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्यात) ६६०० कमजोर आहे हे खरं, पण ३०५० वर तरी रे ट्रेसिंग चालू करून कोण खेळणार. हां, ब्लेंडर वगैरे थ्रीडीचं सॉफ्टवेअर वापरायचं असेल, रेंडरिंगचं काम असेल, तर मात्र एनव्हिडियाच घ्या, तिथे मी वाद घालणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ५६००जी घ्या, त्यात ग्राफिक्स आतच आहे, सेमच प्रोसेसर आहे. सेम नाहीये! ५६०० ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जी ला १६. ५५०० या तिसऱ्या प्रोसेसरलाही १६ च. वर ५६००जी आणि ५५०० हे पीसीआयई ३ वरच (ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्या वाटेच्या जुन्या आवृत्तीवर) चालतात. कोअर सगळ्यांना सहा आणि थ्रेड बारा, म्हणून बॉक्सवर बघितलं तर सारखेच वाटतात, पण गेममध्ये ती कॅश लागते. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणारच असाल तर साधा ५६०० घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, त्यात आतलं ग्राफिक्स नाही, त्यामुळे मॉनिटरची वायर कार्डालाच लावायची, मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली तर स्क्रीन काळीच राहणार.

एएम५ चा, म्हणजे एएमडीच्या नव्या पिढीच्या सॉकेटचा, विचार केला होता. पण बोर्ड आणि डीडीआर५ रॅम धरून १२-१३ हजार वाढत होते आणि ते पैसे ग्राफिक्स कार्डातून काढावे लागले असते, म्हणून सोडलं. नऊ महिन्यांत एकदाही वाईट वाटलं नाही.

आता चुकांकडे येतो, कारण त्यातूनच दुसऱ्याचे पैसे वाचतील.

असेंबल तिथल्याच एका दुकानात करून घेतलं, पाचशे रुपये घेतले. घरी येऊन विंडोज टाकलं, गेम चालू झाले, मी खूश. पण काही गेममध्ये मधूनच झटका बसायचा, म्हणजे ९० एफपीएस दिसतायत आणि अचानक अर्धा सेकंद अडकल्यासारखं. पाच आठवडे मी ड्रायव्हर बदलत बसलो, विंडोज परत टाकलं, गेम परत डाउनलोड केले. मग एका रविवारी टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर क्लिक केलं तर स्पीड २४००. बॉक्सवर तर ३२०० लिहिलंय! बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम बॉक्सवरच्या स्पीडने चालवायचं सेटिंग, चालू करायचं असतं, ते कुणी केलंच नव्हतं. ते करायच्या आधी म्हटलं कॅबिनेट उघडून बघू, तर दोन्ही रॅम प्रोसेसरजवळच्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी लावलेल्या. चार स्लॉटच्या बोर्डवर ते दोन्ही एकाच चॅनलचे (रॅम आणि प्रोसेसरमधल्या एकाच वाटेचे) असतात. जोडी लावायची ती प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बोर्डच्या पुस्तकात चित्रच दिलेलं असतं. म्हणजे जोडी घेऊनही मी पाच आठवडे सिंगल चॅनलवर आणि तेही २४०० वर खेळत होतो. दोन्ही बदल मिळून दहा मिनिटं लागली आणि ते झटके गेले, कायमचे गेले. मला त्या दिवशी आनंद झाला पण त्याहून जास्त राग आला, कारण पाचशे रुपये घेऊन काम करणाऱ्या माणसाने एवढं तरी बघायला पाहिजे होतं. मशीन ताब्यात घेताना दुकानातच टास्क मॅनेजर उघडायला लावा आणि झाकण काढून स्लॉट बघा, लाजू नका. मॉनिटरचंही तेच, १६५ चा घेतला तरी विंडोजमध्ये तो ६० वरच होता, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदलावा लागला.

मोठी चूक कॅबिनेटची. फोटोत सुंदर दिसत होतं, समोर पूर्ण काच, काचेमागे तीन रंगीत पंखे. हिवाळ्यात काहीच प्रॉब्लेम नाही, प्रोसेसर ७० च्या आसपास. एप्रिल लागला तसा तो ८८-८९ ला जायला लागला, ग्राफिक्स कार्डाचा हॉटस्पॉट (चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं तापमान) १०० ला टेकायचा आणि कार्डाचे पंखे इतके ओरडायचे की आई शेजारच्या खोलीतून विचारायची हे काय चालू आहे म्हणून. ५६०० ची मर्यादा ९० डिग्री आहे, त्याच्यापुढे तो स्वतःच स्पीड कमी करतो. मी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमध्ये लावतात ती) बदलली, दोन डिग्रीचा फरक पडला फक्त.

मग एका रात्री गेम चालू ठेवून एक उदबत्ती पेटवली आणि कॅबिनेटच्या पुढे धरली. काच आणि बॉडीच्या मध्ये एका बाजूला बोटभर फट आहे, तिन्ही पंखे तिथूनच हवा ओढणार. धूर त्या फटीशी गेला, जरासा वाकला आणि सरळ वर निघून गेला. आत जवळजवळ काहीच जात नव्हतं. मग काच काढून बाजूला ठेवली आणि तीच उदबत्ती परत धरली, तर धूर दोरी ओढावी तसा सरळ पंख्यात. अर्ध्या तासात प्रोसेसर ७९ ला आला, हॉटस्पॉट ९० ला. एक रुपया खर्च न करता दहा डिग्री! मी तसाच स्टुलावर बसून ते आकडे बघत राहिलो.

आठवडाभर काच काढूनच वापरलं पण आमच्याकडे धूळ इतकी की ते चालणार नव्हतं, शेवटी समोर जाळी असलेलं कॅबिनेट ३,६०० ला घेतलं. म्हणजे कॅबिनेटवर एकूण ६,७०० गेले. एवढ्या पैशांत पहिल्याच दिवशी उत्तम जाळीवालं आणि वर प्रोसेसरचा चांगला टॉवर कूलर दोन्ही आलं असतं. विदर्भ, खानदेश, मराठवाडा, जिथे उन्हाळा असा असतो तिथे काचेच्या तोंडाचं कॅबिनेट घेऊ नका, कितीही स्वस्त मिळू दे. तुम्ही २५० वॉट ओढलेत तर ती सगळी उष्णता शेवटी तुमच्याच खोलीत येते, म्हणून उन्हाळ्यात मी एफपीएस १२० वर बांधून ठेवतो, डोळ्याला काही कळत नाही आणि कार्ड शांत राहतं. आणि कूलरची, म्हणजे वाळ्याच्या कूलरची, ओली हवा थेट पीसीवर येईल असं टेबल ठेवू नका. माझं तसं होतं, मी कोपरा बदलला.

जाळीला फिल्टर आहे तो दर पंधरा दिवसांनी काढून झटकतो. घरापासून थोड्या अंतरावर जिनिंग (कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना) आहे, डिसेंबर-जानेवारीत जुन्या कॅबिनेटच्या त्या फटीत कापसाचे तंतू जाऊन चक्क पांढरी वात तयार झाली होती.

एसएमपीएसबद्दल मात्र मी बरोबर ठरलो. दुकानात कॅबिनेटसोबत साधा ४५० वॉटचा बाराशेला देत होते, आम्ही सगळ्यांना हाच देतो म्हणाले. मी ब्रॉन्झ रेटिंगचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घेतला. इथे पावसाळ्यात लाईट दिवसातून चार वेळा जाते-येते, व्होल्टेज खालीवर होतं, आणि नऊ महिन्यांत मशीनला काहीही झालेलं नाही. घरच्या इन्व्हर्टरवर सुरुवातीला लाईट गेली की पीसी रिस्टार्ट व्हायचा. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस असं, ते यूपीएसवर केलं की बदल जवळपास १० मिलीसेकंदात होतो आणि चांगला एसएमपीएस साधारण १२ ते १७ मिलीसेकंद स्वतःच्या जोरावर तग धरतो, त्यामुळे आता गेमसुद्धा बंद पडत नाही. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, या सिस्टिमला पुरतो, पण सेव्ह करून नीट बंद करण्यापुरताच.

एसएसडी लहान पडली. ५०० जीबी म्हणजे विंडोजमध्ये ४६५ दिसतात, त्यात एकेक मोठा गेम शंभरच्या वर जातो. मार्चमध्ये १ टीबीची दुसरी लावली.

बिल पक्कं घ्या. एका ठिकाणी बिल नको असेल तर पंधराशे कमी करतो म्हणाले, मी तिथून काही घेतलं नाही. जीएसटी १८ टक्के जातो हे जिवावर येतं, पण वॉरंटीला सिरियल नंबरसोबत बिलच विचारतात.

परफॉर्मन्सचं थोडक्यात सांगतो, मला अजूनही समाधान आहे. व्हॅलोरंट २०० च्या वर, सायबरपंक हाय सेटिंगवर ६०-६५, एल्डन रिंग ६० वरच लॉक आहे तर तिथे १६५ हर्ट्झचा काही उपयोग नाही. आठ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) नवीन गेममध्ये अल्ट्रा टेक्श्चरला कमी पडायला लागलीय, हायवर ठेवलं की ठीक.

आता भुसावळचा मावसभाऊ ५० हजारात बनवतोय, मॉनिटर आहे त्याच्याकडे. त्याच्या कोटेशनमध्ये कॅबिनेट आणि एसएमपीएस मिळून २,२०० अशी एकच ओळ होती, ती मी खोडली. त्याऐवजी पैसे वाचवायला बोर्ड बी४५० चा घे म्हटलं, कारण माझे बी५५० चे जादा दोन हजार वायाच गेले. ६६०० कार्ड पीसीआयईच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, तरी बी४५० च्या पीसीआयई ३ वर फरक थोडाच पडतो. फक्त बोर्ड घेताना रायझन ५००० साठी (५६०० याच मालिकेतला) बायोस अपडेट केलेला आहे का ते बिल करायच्या आधी दुकानातच चालू करून दाखवायला सांग, असं त्याला दोनदा बजावलंय.