पोलो ४० मिमी खाली घेतली: ११ महिने, १३ हजार किमी आणि बाबांची बोलणी

गाडी २०१४ ची पोलो, दीड लिटर डिझेल, गाडी खाली घेणारे आखूड स्प्रिंग टाकले तेव्हा ८२ हजार किमी चाललेली. टायर आणि फेंडरमधल्या (चाकावरच्या पत्र्यामधल्या) फटीत चार बोटं आरामात जायची आणि ते मला रोज पार्किंगमध्ये खुपायचं, कारण एवढंच, उगाच हँडलिंगचं नाव पुढे करत नाही.

गॅरेजवाल्याने पहिला सल्ला दिला तो स्वस्तातला, "आहे त्याच स्प्रिंगची दीड कॉइल कापून देतो, हजार रुपये." कृपा करून हे करू नका. कापलेल्या स्प्रिंगचं टोक त्याच्या बसायच्या खाचेत नीट बसत नाही आणि गाडी जॅकवर घेतली किंवा खड्ड्यात चाक लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकतो. आयबाख कंपनीचा प्रो-किट, म्हणजे आखूड स्प्रिंगचा तयार सेट, मागवावा असं मनात होतं पण बजेट नव्हतं, कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) तर बघायचेच नाहीत असं ठरवलेलं. शेवटी एक स्वस्तातला सेट घेतला, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, चारही स्प्रिंग १४,५०० आणि मजुरी ३,५००. डब्यावर लिहिलेलं पुढे मागे ४० मिमी.

आता खरी मापं, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप धरून घेतलेली. आधी पुढे ३८.५ सेंमी, मागे ३८. आठवड्याने पुढे ३५.३ आणि मागे ३३.८. म्हणजे पुढे ३२ मिमी आणि मागे ४२, गाडी बुडावर बसल्यासारखी, डिकीत कायम कांद्याचं पोतं असल्यासारखी दिसायला लागली. रात्री समोरचे सगळे डिपर मारत होते, दोन दिवस मला वाटलं गाडी बघून मारतायत, मग कळलं मागचा भाग खाली गेल्यामुळे हेडलाइट वर बघतायत. ते सेट करून घेतले. काल परत मोजलं, पुढे ३५, मागे ३३. मागचे स्प्रिंग अजून बसतच चाललेत.

पण मुख्य रडगाणं स्प्रिंगचं नाहीच, शॉकअपचं आहे. मी पैसे वाचवायला जुनेच शॉकअप ठेवले. स्प्रिंग आखूड झाला की शॉकअपचा रॉड कायम आत दबलेला राहतो, खाली जायला जागा उरत नाही, खड्ड्यात थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटी धक्का झेलणाऱ्या गुटक्यावर आदळतो. शिवाय नवा स्प्रिंग कडक, तो उसळून वर येतो तेव्हा त्याला आवरायचं काम जुन्या शॉकअपचं, आणि ते ८२ हजार किमी चालून आधीच थकलेले. साताऱ्याकडे जाताना पुलांच्या जॉइंटवर गाडी एकदा आदळायची आणि मग दोनदा डोलायची. चौथ्या महिन्यात पुढचा डावा शॉकअप तेलाने माखलेला दिसला, बंप स्टॉपचा तर चुरा, हातात घेतला तर खारीसारखा तुटला. मग नाना पेठेतून चारही नवे गॅसचे शॉकअप, पुढचे टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक गाडीला धरणारा भाग), बेअरिंग आणि बंप स्टॉप मिळून १९,८००, आणि पुढचं सगळं परत उघडायची मजुरी वेगळी. बिलस्टीनचे बी८ सारखे मुळातच लो केलेल्या गाडीसाठी आखूड बनवलेले शॉकअप असतात, ते परवडत असतील तर विषयच संपला. मला परवडले नाहीत, तरी नव्या शॉकअपनंतर गाडी वेगळीच वाटायला लागली हे खरंय.

दुसरी चूक अलाइनमेंटची, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याची. स्प्रिंग बसवले त्याच दिवशी अलाइनमेंट केलं आणि निर्धास्त झालो, नंतर गाडी अजून खाली बसली आणि टो, म्हणजे चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडला. सहा हजार किमीनंतर सहज टायरच्या आतल्या बाजूने तळहात फिरवला तर आतली कड एकदम गुळगुळीत आणि बाहेरून टायर नवाकोरा. बाहेरून बघून कळतच नाही. तीनचारशे किमी चालवून मग करा, आणि फिटरला सांगा की मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी जमिनीवर उभी असताना शेवटचा टाइट कर, चाक लोंबतं ठेवून टाइट केला तर बोल्टाभोवतीचा रबरी बुश कायम पिळलेला राहतो.

चांगलं काय? एक्सप्रेसवेवर लेन बदलताना गाडी कलत नाही, घाटात वळणावर स्टिअरिंग फिरवलं की लगेच वळते, आणि दिसते भारी, खोटं कशाला बोलू.

रोजचं जगणं मात्र हिशोबाचं झालं. नियमाप्रमाणे स्पीड ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, आमच्या गल्लीतला उंचीला त्याहून जास्त आणि रुंदीला जेमतेम दोन पावलं. कागदावर पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी, त्यातून खाली घेतलेली उंची वजा करा आणि मागे तीन माणसं बसवा. तिरकी घातली तरी पोट घासतंच. दिवाळीत आई आणि मावशीला ब्रेकरआधी उतरवून पलीकडे परत बसवलं, तेव्हा बाबा पुढच्या सीटवरून हललेसुद्धा नाहीत, नुसतं म्हणाले, "लोक पैसे देऊन गाडी दुरुस्त करतात, तू पैसे देऊन बिघडवून आणलीस."

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करायला मनाई आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मला अजून कोणी अडवलं नाही, पण इन्शुरन्सवाल्याने क्लेमच्या वेळी हेच बोट दाखवलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

आज परत करायचं झालं तर २५ मिमीचे स्प्रिंग आणि नवे शॉकअप एकाच दिवशी, मजुरी एकदाच. माझे आतापर्यंत अलाइनमेंट आणि दोन टायर धरून ५० हजारांच्या वर गेलेत. कंपनीचे स्प्रिंग गोणपाटात गुंडाळून बाल्कनीत ठेवलेत, आईने त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय. त्यातले मागचे दोन बहुतेक पुढच्या महिन्यात परत गाडीत घालायला काढावे लागणार.