बडोद्यात विंडसर इव्ही घेताना: गाडी पसंत पडेलच, आधी पार्किंगची वायर बघा

एमजी कंपनीची विंडसर ही विजेवर चालणारी गाडी बडोद्याजवळ हालोलच्या कारखान्यात तयार होते. २०२४च्या सप्टेंबरमध्ये ती बाजारात आली आणि आता शहरात जागोजागी दिसते. इथलं परीक्षण ३८ किलोवॅट-तास (म्हणजे ३८ युनिट) बॅटरीच्या मॉडेलचं आहे. थोडक्यात मत असं की घराखाली स्वतःची पार्किंगची जागा असेल आणि तिथपर्यंत मीटरपासून वेगळी लाइन ओढता येत असेल, तर शहरातल्या कुटुंबासाठी ही उत्तम गाडी आहे. तशी सोय नसेल तर सध्या घेऊ नये.

कंपनी एका चार्जिंगमध्ये ३३२ किलोमीटर सांगते. तो आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आहे. बडोद्याच्या रस्त्यांवर, हिवाळ्यात आणि सौम्य चालवली तर १०० किलोमीटरला १३ ते १४ युनिट धरा, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास. मे महिन्यात हिशोब बदलतो. पारा ४२च्या पुढे गेला की गार झालेली केबिन गारच ठेवायला एसी तासाला साधारण सव्वा युनिट खातो, आणि उन्हात उभी गाडी गार करताना त्याच्या दुप्पट. मांडवी, न्याय मंदिर, रावपुरा या भागात सरासरी वेग ताशी २० किलोमीटर पडतो. त्या वेगाने १०० किलोमीटरला पाच तास लागतात, म्हणजे नुसत्या एसीवर सहा युनिट जातात. पेट्रोल गाडीच्या सवयीमुळे गर्दीत एव्हरेज पडण्याचा दोष आपण ब्रेक-क्लचला देतो. इथे दोष वेळेचा असतो. उपाय सोपा आहे: निघण्याआधी दहा मिनिटं, गन (चार्जरचा गाडीत बसणारा प्लग) लावलेली असतानाच, अ‍ॅपवरून एसी सुरू करावा. केबिन गार करायची वीज भिंतीतून येते, बॅटरीला हात लागत नाही.

एक्स्प्रेसवेवर चित्र उलटं. अहमदाबाद एका बाजूने सुमारे ११० किलोमीटर. ताशी १०० ने गेलं तर १०० किलोमीटरला १६-१७ युनिट लागतात, म्हणजे जाऊन-येऊन ३६च्या घरात. बॅटरीच ३८ची, तेव्हा अहमदाबादला चार्जिंग करावंच लागेल. तोच प्रवास ८० ने केला तर ३० युनिटमध्ये होतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पावागढ किंवा केवडिया निर्धास्त करता येतं. सुरतेला पोहोचल्यावर गन लावायची, आणि मुंबईला दोन थांबे गृहीत धरायचे. नोकरीमुळे दर आठवड्याला हायवे होत असेल तर २०२५च्या मेमध्ये आलेलं ५२.९ किलोवॅट-तासांचं प्रो मॉडेल बघा, जास्तीचे पैसे तिथे वसूल होतात.

या मॉडेलचा फास्ट चार्जिंगचा वेग ४५ किलोवॅटला अडतो. चार्जर १२० चा असला तरी गाडी तेवढंच घेणार. ६० किलोवॅटच्या दोन गनवाल्या चार्जरवर शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याच ठिकाणी ताकद निम्मी वाटली जाते, म्हणून रिकामा चार्जर दिसला तर तिकडे वळा. २० ते ८० टक्के व्हायला पाऊण तास धरावा. ८० नंतर वेग घसरतो, तिथे बसून राहण्यात अर्थ नाही.

आता घरच्या वायरिंगबद्दल, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. सोबत येणारा ३.३ किलोवॅटचा चार्जर १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि रिकामी बॅटरी भरायला १३-१४ तास घेतो. मिक्सर-इस्त्रीचा भार पाच-दहा मिनिटांचा असतो. हा अखंड रात्रभर १४ अँपिअर ओढतो. म्हणून मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि साध्या सॉकेटऐवजी औद्योगिक प्रतीचं सॉकेट. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर आतला स्क्रू सैल आहे, लगेच बंद करा. गाडी चार्जिंग नाकारत असेल तर आधी अर्थिंग तपासा: न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज तीन व्होल्टच्या आत हवा. जुन्या इमारतींत तो बरेचदा जास्त निघतो. कोरड्या पडलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून तात्पुरतं भागतं, पण नवीन खड्डा हाच खरा इलाज. ७.४ किलोवॅटचा चार्जर लावायचा तर ६ चौरस मिलिमीटर वायर, ४० अँपिअरचा एमसीबी, आणि वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज. बहुधा थ्री फेज घ्यावं लागतं. दांडिया बाजारातल्या वाड्यांमध्ये गॅलरीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडायचा विचार कोणी करू नये. गुंडाळी केलेली वायर तापून वितळते.

खर्च: चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला मीटरवर १६ युनिट पडतात. साडेसात रुपये युनिट धरलं तर किलोमीटरला सव्वा रुपया. पेट्रोल गाडी शहरात १३-१४ चं एव्हरेज देत असेल तर सात रुपये. सार्वजनिक चार्जरवर जीएसटीसह वीस-बावीस रुपये युनिट मोजले की साडेतीन रुपये होतात, आणि बचत बरीच आटते.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे, आपल्या उन्हाळ्याला योग्य. या प्रकारात व्होल्टेजचा आलेख सपाट असल्यामुळे किती चार्ज उरला याचा अंदाज गाडीला चुकतो. आठवड्यातून एकदा १०० टक्के भरला की तो जुळतो.

आत जागा भरपूर, मागची सीट १३५ अंशांपर्यंत मागे झुकते, डिकी ६०४ लिटर. आजी-आजोबांना चढा-उतरायला सोपी. पण एसी आणि रीजनरेशन (वेग कमी होताना बॅटरीत वीज परत भरणं) बदलायला १५.६ इंची टचस्क्रीनमध्ये बोटं घालावी लागतात, चालवताना हे धोक्याचं आहे. काचेच्या छताला उन्हाळ्यात पडदा लावाच.

आता शहरातल्या विश्वामित्री नदीच्या पुराबद्दल. २०२४च्या ऑगस्टमध्ये नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वस्त्यांत शिरली, तेव्हा तळघरातल्या गाड्या बुडाल्या. बॅटरीचा डबा सीलबंद असतो, तरी कनेक्टर, चार्जिंग पोर्ट आणि १२ व्होल्टची साधी बॅटरी पाण्यात राहिली तर आतून गंज धरतो. इशारा मिळताच गाडी उंच जागी न्या. बुडालीच तर सुरू करू नका, गन लावू नका, फोटो काढा, आणि चारही चाकं उचलणाऱ्या फ्लॅटबेडवरूनच न्या. पुढची चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. चार्जरचा बोर्ड तळघरात जमिनीपासून निदान पाच फुटांवर बसवा.

विकत घेताना दोन रस्ते आहेत. पूर्ण किंमत भरा, किंवा गाडी स्वस्तात घेऊन बॅटरीचं भाडं प्रति किलोमीटर भरा. सुरुवातीला ही योजना ९.९९ लाख अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये अशी होती. वीज धरून ते पावणेपाच रुपये होतात, म्हणजे पेट्रोलशी फरक सव्वादोनचाच उरतो. महिन्याला ७०० किलोमीटर चालवणाऱ्याने सही करण्याआधी किमान किती किलोमीटरचे पैसे लागतात आणि पुरात बॅटरी गेली तर विम्याचे पैसे कोणाला मिळतात, हे लेखी घ्यावं. पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन वॉरंटी आहे. गाडी विकली की ती आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर इतकीच उरते, हे जुनी विंडसर घेणाऱ्याने भाव करताना धरावं.