झोपेतल्या बाळाचे आवाज ओळखायला शिकवणारी घरभेट : सांगलीतील अनुभव
बाळंतपणासाठी विश्रामबागेत माहेरी आले असताना माझे बाळ रात्री झोपेत कुंथत असे, घुरघुरत असे, मध्येच दचकून दोन्ही हात पसरत असे, आणि प्रत्येक वेळी घाबरून मी त्याला उचलत असल्यामुळे त्याची झोप माझ्याच हातून मोडत असे. म्हणून आम्ही नवजात बालकांच्या काळजीचे प्रशिक्षण घेतलेल्या एका परिचारिकाताईंची घरभेट ठरवली.

ताईंनी उपदेश करण्याआधी मला झोपलेल्या बाळाजवळ बसवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावले. नवजात बाळ मिनिटाला साधारण ३० ते ६० वेळा श्वास घेते आणि मध्येच ५ ते १० सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेऊ लागते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच मला धीर आला. बाळाची जवळजवळ निम्मी झोप हालचालींची असते आणि अरुंद नाकपुड्यांमुळे आवाज येतो, हेही त्यांनी शांतपणे समजावले. मात्र श्वास २० सेकंद थांबणे, ओठ निळे पडणे, प्रत्येक श्वासाला कण्हणे किंवा बरगड्यांखाली खड्डा पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे, असे त्यांनी दोनदा बजावले.

बाळाला उताणेच झोपवावे, असे सांगून त्यांनी पाळण्यातील मोहरीची उशी माझ्या आईचा मान राखून काढायला लावली. सोबत दिलेला माहितीचा तक्ता मात्र केवळ इंग्रजीत होता. रात्री बाळाजवळ जागणाऱ्या आजीसाठी तो मराठीतच हवा.